टाकीखालची सांदवाडी

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याहून गावाकडे निघालेल्या एसटीत होते. बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ, गिरजाबाई. सकाळी चहा पिऊन ओसरीत टेकल्या, त्या उठल्याच नाहीत... मला रडू नंतर आलं, आधी राग आला. अशी गुपचूप जाणारी बाई ती नव्हेच!

गावातल्या पाण्याच्या टाकीखाली पूर्वी उकिरडा होता. टाकी भरून वाहायची आणि पाणी त्या घाणीत मुरायचं. एक दिवस बाई कुदळ घेऊन तिथे उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना अडवून विचारू लागल्या, "घरामागं सांदवाडी असते, मंग गावाले काहून नाही?" परसातल्या भाजीच्या तुकड्याला आम्ही सांदवाडी म्हणतो. काही जणी जमलो, कचरा उपसला, वांगी-टमाटर लावले. पण आम्ही पडलो धानवाल्या! हाताच्या सवयीनं चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध घातले आणि धानाच्या बांधीत, भातखाचरात भरावं तसं पाणी तुंबवलं. सगळी रोपं कुजली. पानठेल्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. मी म्हटलं, "सोडा ना बाई, लोक हसून राहिले."

धुरा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "हसू दे. हसनाऱ्याच्याच घरी पयलं वांगं धाडतो."

आणि पुन्हा रोपं लावून खरंच धाडलं! मग नियम केला : लावणारीनं तोडायचं नाही, दुसरीनं तोडून सगळ्यांत वाटायचं. त्यामुळे 'माझा वाफा' म्हणायची कुणाची टाप नव्हती. पुढे सरपंचांचं त्या जागेवर दुकानाचे गाळे काढायचं घाटत होतं, तेव्हा ग्रामसभेत बाई एकट्या उभ्या राहिल्या आणि तो बेत हाणून पाडला.

तेरवी झाली आणि सरपंच घरी आले. अगदी हात जोडून. "काकाजी, काकूच्या नावानं तिथं स्मृती उद्यान करू. लॉन, बाकं, संगमरवरी पाटी. फक्त तो भाजीपाला काढा लागन."

माझे भासरे, बाईंचे यजमान, गहिवरले. मान डोलावणार, तेवढ्यात मी बोलले. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांपुढे मी तोंड उघडलं नव्हतं, आमच्याकडे तशी रीतच नाही. पण त्या दिवशी उंबऱ्यातूनच ओरडले, "जितेपनी जे तुमाले जमलं नाही, ते आता तिच्याच नावानं करता? बाई कधी बाकावर बसली का? भाजी उपटली त ती दुसऱ्यांदा मेली समजा!"

भासऱ्यांनी डोळे पुसले आणि सरपंचांना म्हणाले, "घरची सून बरोबर बोलून राहिली."

तरी दोन दिवसांनी पाटीसाठी चुन्याची फक्की मारून चौकोन आखलेला दिसला. आम्ही बाया गेलो, फक्की झाडली आणि त्याच चौकोनात चवळी पेरली. ती आता गुडघ्याएवढी झाली आहे. ज्याला उपटायची असेल त्यानं दिवसाढवळ्या यावं. आम्ही तिथंच आहोत.