आप्पांच्या कॉम्प्युटरची लाह

आमच्या शेजारच्या आप्पांनी जन्मात एकही वस्तू टाकून दिलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कापड गेलेल्या छत्रीवर त्यांच्या अंगणात दोडक्याचा वेल चढलाय. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये वर्षाचे गहू आहेत. ‘अहो, आता भंगारात द्या,’ असं मी एकदा म्हणालो, तर उलट मलाच विचारलं, “उंदीरले फ्रिजनं दार उघडता येस का?” मोलगीकडच्या डोंगरातल्या शाळांत नोकरी काढून नंदुरबारला स्थायिक झालेले हे मास्तर; मोडक्या वस्तूतही काहीतरी चांगलं बघायची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

त्यांचा कॉम्प्युटर याच गोतावळ्यातला. सुरतला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने तो कॅमेऱ्यासकट बसवून दिला होता, कारण मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला की आप्पा तो कानाला लावायचे आणि मुलाला महिनोन्महिने बापाचा नुसता कान दिसायचा. काकू गेल्यावर मुलाने एकच अट घातली होती: रोज सकाळी चेहरा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर गाडी घेऊन येईन आणि सुरतला घेऊन जाईन. आप्पांना दोडक्याचा वेल सोडून कुठेही जायचं नव्हतं.

आणि एके दिवशी चेहरा दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमने सांगितलं, नवी सिस्टिम टाका, नाहीतर मी बंद. नवी सिस्टिम टाकायला गेलो, तर तिने तपासणी करून निकाल दिला, हे मशीन पात्र नाही. आप्पा पेटलेच. “मी एक बी पोऱ्याले कधी नापास करं नही, आन् हाऊ माले नापास करस?” नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, “म्हातारा व्हयना म्हनीसन टाकी देवाना? मंग माले बी टाकी द्या.”

मग त्यांनी लाह बोलावली. डोंगरात कुणाचं घर उभं करायचं असलं की सगळे येऊन हात लावतात, त्याला लाह म्हणतात. “लाहमा मजुरी नही ऱ्हास, जेवन ऱ्हास. आन् मंग आपन त्यासना कामले जावानं,” आप्पांनी मला समजावलं. त्या रविवारी त्यांचे जुने विद्यार्थी आले. अक्कलकुव्यात झेरॉक्सचं दुकान असलेल्याने मोडलेल्या मशीनमधला प्रोसेसरसकट मदरबोर्ड आणला. चिंचपाड्याच्या नर्सबाईंनी रुमालात गुंडाळून रॅम आणली. मी माझ्या मेलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी दिली. मोलगीच्या गड्याने आणला आमचूर. त्याच्या घरी कॉम्प्युटर कधी आलाच नव्हता. पण कॅबिनेटचा एक पाय तुटका, म्हणून तो दुपारभर ते दोन्ही हातांनी धरून बसला. आप्पांनी सोड म्हटलं तर म्हणाला, “घर उभं होईपर्यंत खांब कुणीतरी धराया लागतो, गुरुजी.”

झेरॉक्सवाल्याने सगळे भाग जोडले, वरण-बट्टीवर आडवा हात मारून झाला आणि मशीन तपासणीत पास झालं. पडद्यावर मुलगा खूश होऊन ओरडला, “आप्पा, दिसनात!” आप्पांनी आधी कॅबिनेटच्या पाठीवर थाप मारली, मग मुलाशी बोलले.

पुढे त्यांनी एकेकाची लाह फेडली. दुकानात दिवसभर बसून लोकांचे अर्ज लिहून दिले, नर्सबाईंच्या मुलीचं गणित घेतलं, आणि मोलगीला त्या गड्याच्या नव्या घराचा खांब खरोखर धरून उभे राहिले. राहिलो फक्त मी. विचारलं की म्हणायचे, “तुन्हं काम निघू दे.”

शेवटी मशीनने दगा दिला नाही, दिला तो आप्पांच्या गुडघ्यांनी. मुलगा गाडी घेऊन आला. जाताना आप्पांनी कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “आणि माझी लाह?” ते म्हणाले, “एक लाह बाकी ठेवनी पडस भाऊ. नही ते परत येवाले निमित्त काय?”

आता रोज सकाळी सुरतहून त्यांना माझा चेहरा पाहायचा असतो. दाढी केली नसली तर बोलणी बसतात. मग नेमाने विचारतात, “काही काम निघनं का?” काल मी सांगून टाकलं, मागचं दार अडकतंय. आप्पांचा चेहरा उजळला. “मी येस. दुसरा कोनले हात लावू देवू नको.”

दार उत्तम उघडतं. पण सध्या त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.