गार्डाच्या डब्यासाठी अकरा वर्षं
आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात. गावभर लोक यांनी केलेल्या दातांनी हसतात, आणि घरी मी दातओठ खाते! कारण? आगगाड्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या इंजिनांच्या वीतभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृती, आणि त्यांचे डबे. कपाटात, फ्रिजवर, माझ्या पिठाच्या डब्यामागेसुद्धा.

त्यातली हिरवी गाडी म्हणजे यांचा जीव की प्राण. इंजिन मिळालं, पाच डबे मिळाले. शेवटचा, गार्डाचा डबा तेवढा मिळेना. म्हणून ती गाडी अकरा वर्षं एकदाही धावली नाही. मी म्हणायची, "अहो, एक चक्कर मारा की! कोण बघतंय?"

"गार्डाशिवाय गाडी सुटत नाही," हे ठाम. सासरे गार्ड होते ना! लहानपणी हे फाटकापाशी उभे राहून शेवटच्या डब्यातल्या बापाला हात करायचे.

परवा पार्सल आलं. यांनी ते घाईघाईनं फोडलं. घाई मलाही झाली होती, खोटं कशाला बोलू? डबा रुळावर ठेवला, चाकं चपखल बसली, आणि यांचा चेहरा पडला. डबा बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट उंच! दोन वेगळ्या मापांच्या गाड्या एकाच रुळावर बसतात, हे घरात ठाऊक फक्त यांना, आणि मागवताना नेमके हेच चुकले. जबड्याचं माप केसाइतकंही न चुकवणारा माणूस!

"परत पाठवतो," हे पुटपुटले.

"डोकं फिरलंय का तुमचं?" माझा पारा चढला. "आज गाडी सुटणार म्हणजे सुटणार! लहानपणी कुठून बघायचात गाडी?"

"मागून."

"मग मागूनच बघा. जवळचं मोठंच दिसतं."

स्वयंपाकघरापासून पलंगाखालपर्यंत सरळ रूळ अंथरले. गाडीच्या मागे दोघंही फरशीवर पालथे पडलो. माझे गुडघे, यांचं पोट, काही विचारू नका. बटण मी दाबलं.

सुटली! अगदी नाकासमोरून गार्डाचा डबा निघाला. उंची कळेल तर शपथ!

"सुटली गं, सुटली!" हे ओरडले. मीही ओरडले. मग यांच्याकडे बघितलं. साठीचा माणूस पडल्या पडल्या हात करत होता. गाडी पलंगाखाली दिसेनाशी झाली, तरी यांचा हात खाली येईना.