पाण्यातलं फरसबीचं लोणचं आणि उल्हासनगरचा रविवार

रूममेट लग्न करून गावी गेला, तेव्हापासून मी दोन्ही वेळा एकटाच जेवतो. आनंदनगरच्या कंपनीत कॅन्टीन आहे, पण तिथेही टेबलाच्या टोकाला बसतो. मेसचा डबा कुणापुढे सरकवावा असा नसतो. निदान तोंडी लावायला वर्षभर पुरेल असं काही हवं होतं. उल्हासनगरला भाड्याने राहायचो तेव्हा घरमालकीण आंटी फरसबीचं झणझणीत लोणचं घालायच्या. त्यांना फोन केला. म्हणाल्या, "संडे को आ जा, पुट." सिंधीत पुट म्हणजे मुलगा.

शनिवारी खोलीजवळच्या, कुळगावच्या बाजारातून पाव किलो कोवळी फरसबी घेतली. धुतली, एकेक शेंग फडक्याने पुसली, पंख्याखाली पसरली. सकाळी पुन्हा पुसली. लोणच्यात पाण्याचा थेंब गेला की बुरशी येते, हे लहानपणापासून ऐकलेलं.

लोकलने निघालो, अंबरनाथ पूर्वेला उतरून मोहरीची डाळ घेतली. दुकानदाराने विचारलं, "कसलं लोणचं, भाऊ?"

"फरसबीचं."

"त्याची भाजी करतात ओ!"

पुढे पूल ओलांडून पश्चिमेला उल्हासनगरची शेअर रिक्षा मिळते. सुटे पैसे ठेवा, आणि रिक्षा भरेपर्यंत घाई करू नका.

आंटींनी पिशवी उघडली आणि आतल्या खोलीत काकांना हाक मारली, "सुनते हो? ये छोकरा फल्ली टॉवेल से पोंछके लाया!"

"ओली राहिली तर नासेल ना, आंटी?"

"अरे, ये पानी का अचार है. पानी में ही डूबेगा! और इतनी सी? जा, नीचे ठेले से एक किलो ला."

"मी एकटाच आहे. टिकेल का?"

"आठ-दस दिन. फिर इतना खट्टा होगा कि मुँह में नहीं जाएगा. अकेले का अचार नहीं है ये."

वर्षभराच्या सोबतीसाठी आलो होतो. तरी खाली जाऊन फरसबी आणली.

शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, थोड्या करकरीत ठेवायच्या. भरड मोहरी, ठेचलेला लसूण, हळद, भरपूर तिखट, मीठ, चमचाभर तेल. वरून उकळून कोमट केलेलं पाणी, शेंगा बुडेपर्यंत. मग तीन-चार दिवस ऊन. परत येताना बरणी मांडीवर धरून बसलो. शेजारच्याने कशाची म्हणून विचारलं असतं, तर सांगितलं असतं.

खिडकीत ऊन सकाळीच येतं. मी कामावर असताना बरणी एकटीच आंबत राहिली. चौथ्या दिवशी झाकण काढलं, मोहरीने नाक झणझणलं. छान जमलं होतं, आणि एक किलो होतं.

दुसऱ्या दिवशी बरणी कॅन्टीनमध्ये नेली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. झाकण काढलं.

"पाण्यात लोणचं? नासलं काय रे हे?" पॅकिंगचे शिंदेकाका म्हणाले. मग एक शेंग उचलली, डोळे पुसले आणि ताट पुढे केलं. "अजून घाल. आणि तिकडे कोपऱ्यात काय बसतोस, इकडे सरक."

पुढच्या मंगळवारपर्यंत पाणीसुद्धा भातावर ओतून संपलं.

रात्री खोलीवर अजून एकटाच जेवतो. त्याला काही उपाय सापडलेला नाही. पण तुम्हीही एकटे राहत असाल आणि या बाजूला आलात, तर टिकणारं लोणचं घेऊन जाऊ नका.