ठमी बकरीले घेऊन अमरावतीले कसं जावं

अमरावतीले जायचं माह्या मनात नव्हतं. जायचं होतं आमच्या बकरीले.

झालं असं, आपल्या वस्तीतले पोट्टे-पोट्ट्या दिवसभर लोकायच्या वावरात निंदाले जातात आन् दिवेलागनीले गुरुजीपाशी कंदिलाभोवती बसतात. गुरुजी म्हनजे शाळेतले नाही, आपल्यातलेच, मॅट्रिक झालेले. त्यायनं पोट्ट्यायले दोन नाद लावले. एक, हा भितीवरचा पेपर, जो तुमी आता उभ्यानं वाचून राहिले. दुसरा, झाडं. ज्याचं त्याचं एकएक झाड, आन् आंगोळीचं पानी त्यालेच टाकायचं. ज्याचं झाड वाळलं त्याचं नाव पेपरात. म्हनून तं आपले पोट्टे आंगोळ करतात, नाहीतर कोन करते.

मंग अमरावतीहून बोलावनं आलं, का खेड्यापाड्यातल्या पोट्ट्यायचा मेळावा हाये, झाडं जगवन्यावर नाटक बसवून आना. नाटक बसवलं. प्रल्हाद झाला झाड. अंगाले कडूलिंबाच्या फांद्या बांधून मधात उभा राहायचा, आन् बकरी येऊन त्याले खायची. तशा वस्तीत बकऱ्या लय हायेत, पन दुसरी कोनती पोट्ट्याच्या अंगाले तोंड लावे ना. आमची ठमी त्याच्या पार खाकेपर्यंत जाये.

आता ठमी माह्याशिवाय एक पाऊल चालत नाही. आन् माही छबी, अजून रांगत बी नाही, थे ठमीच्या दुधाशिवाय राहत नाही. माह्या अंगावर दूध आलंच नाही. गाईचं देलं तं ओकते, म्हशीचं देलं तं पोट फुगते. ठमीचंच तेवढं पचते. म्हनजे ठमी गेली का छबीले जाव लागते, आन् छबी गेली का मले.

मले सगळ्याचंच भेव वाटते. गाडीचं, पुलाचं, टोपीवाल्या मानसाचं. सासूले म्हनलं, "आत्याबाई, मी हरवली तं?"

"तू हरवली तं सापडशीन," सासू म्हने. "बकरी हरवू नको."

हिवरखेडाहून अकोल्यापर्यंत लहान रेलगाडी बरी. सकाळची धरा, बसाले जागा भेटते. बकरीले डब्यात घेत नाही, गार्डाच्या डब्यात बांधा लागते. ठमी तिकडं, मी इकडं. गाडी ठेसनावर थांबली का ठमी वरडे, आन् मी खिडकीतून डोकं काढून म्हनो, "हाव वो बाई, हाये मी." अडगावले म्हनलं, अकोटले म्हनलं. अकोटच्या पुढं गाडीतल्या सगळ्या बायाच म्हनाले लागल्या, "हाव वो बाई, हाये थे." अकोल्याले उतरलो तवा गार्ड म्हने, "बाई, परतीले दुसरी गाडी धरा, माही ड्यूटी नसंल अशी."

अकोल्याले ठेसनापासून जुन्या शहरात पायी गेलो, मोर्ना नदीच्या पुलावरून. पुलावर मी डोळे मिटून चालली, ठमीचं दावं धरून. म्हनजे मी बकरीले नेत नव्हती, बकरी मले नेत होती. गुरुजीच्या बहिनीच्या घरी मुक्काम. बाई लय चांगली, सगळ्यायले जवारीची भाकर आन् मिरचीचा ठेसा पोटभर देला, पोट्टे ठेसा खाऊन रडले तं गूळ देला. गुरुजीची पांढरी टोपी धुवून दोरीवर टाकली. सकाळी पाह्यलं तं दोरी होती.

"ठमी," गुरुजी म्हने. अमरावतीले डोक्याले दुपट्टा गुंडाळून गेले.

पन टोपी गेल्यानं त्यायच्या डोक्यात एक गोठ आली. म्हने, "पोट भरलेली बकरी स्टेजवर काय खाईन? आतापासून ठमीले काही देऊ नका वयनी. उपाशी राहिली का नाटकात जोर येईन."

मले पटलं नाही. पन मॅट्रिक झालेल्या मानसाले काय सांगावं. लक्षात ठेवा, सगळं इथूनच बिघडलं.

अकोल्याहून अमरावतीले एष्टी. समोरची जागा धरा, मांगं लय हादरते. कंडक्टर ठमीपाशी येऊन थांबला.

"हे कोन?"

"कलाकार हाये जी," प्रल्हाद म्हने. "नाटकात काम करते."

"कलाकार असो का पुढारी, शेपटी हाये ना? सामानाचं तिकीट."

ठमीचं तिकीट माह्याएवढंच पडलं. छबी फुकट. मूर्तिजापूरले गाडी थांबते, तिथी चहा गोड भेटते, पन उतरू नका, जागा जाते. माही गेली. तिथून बडनेऱ्यापर्यंत मी छबीले घेऊन ठमीच्या पाठीले टेकून खाली बसली. खरं सांगतो, समोरच्या जागेपक्षा थेच बरं होतं.

अमरावती लय मोठी. सायकली एवढ्या का रस्ता ओलांडाले एक भाकर खाऊन निघा. मैदानात मांडव घातलेला, आन् मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेनं नवीन झाडं लावलेली. त्यादिवशी सकाळीच मोठ्या साहेबायनं एक आंब्याचं लावलं होतं. भोवती बांबूचं कुंपन, कुंपनाले पाटी, पाटीवर साहेबाचं नाव, आन् पाटीले झेंडूचा हार.

पोट्टे आलुबोंडे खाले गेले. गुरुजी नंबर लावाले गेले. मी छबीची लंगोटी बदलून राहिली होती. लंगोटी बदलाले किती येळ लागते? तेवढ्यात ठमीनं आधी हार खाल्ला, मंग मांगच्या पायावर उभी राहून वरून आंबा खाल्ला. सकाळपासून उपाशी, तिचा काय दोष.

खाकी सदऱ्यातला एक मिशीवाला मानूस पळत आला. कोंडवाड्यातला. तुमाले माहीत हाये, मोकाट ढोर धरून कोंडते थो. त्यानं दावं धरलं.

"कोनाची हे?"

"माही हाये दादा."

"बाई, साहेबाचं झाड खाल्लं हिनं. दुसऱ्याचं खाल्लं असतं तं मी पाह्यलं नसतं. आता साहेब म्हनतीन तवाच सुटंल."

"दादा, माहं लेकरू हिच्या दुधावर हाये. निदान दूध काढू द्या."

"काढजो ना. मी काय दुश्मन हाओ? आधी कोंडू तं दे."

कोंडवाडा रस्त्याच्या पल्याडच होता. ठमी माह्याशिवाय चाले ना, तं मीच तिले कोंडवाड्यात नेऊन देलं. पाहा, कोनी चोराले स्वतः ठान्यात नेऊन देते काय? त्यानं कुलूप लावलं, चाबी कमरेले खोवली. मी पेटीतून लोटी आन् दूध पाजाचं बोंडलं काढून येतो म्हनून मांडवापाशी गेली. परत आली तं थो गायब. कुलूपाच्या आत ठमी, बाहेर मी.

बाजूच्या पानवाल्याले इचारलं. थो म्हने, "नाटकं पाहाले गेला. आता आखरीचं नाटक झाल्याबिगर येत नाही. लय शौकीन मानूस हाये."

आन् छबी उठली.

लेकराच्या रडन्याचं तुमाले सांगतो. एक रडनं असते ओल्याचं, एक झोपेचं, एक भुकेचं. भुकेचं आधी बारीक असते, मंग मोठं होते, आन् मंग एकदम बारीक होऊन जाते. त्या आखरीच्या बारीकचं मले भेव हाये. मांगच्या महिन्यात तिले ताप आला तवा... नाही, थे नाही लिहीत. छबीनं जेमतेम जीव धरला हाये, एवढंच.

मांडवात गेली तं मानूसच मानूस. सगळे खाकी, सगळे मिशीवाले. मी एकाएकाच्या तोंडाकडं पाहून राहिली तं एक बाई म्हने, "काय वो, नवरा हरवला काय?"

"नाही जी, कोंडवाडा हरवला."

थे सरकून बसली.

तेवढ्यात स्टेजवर आपल्या पोट्ट्यायचा नंबर आला. प्रल्हाद पाल्यासकट मधात उभा. बकरी कुठी हाये थे कोनाले माहीतच नाही. पोट्टे समजले, मी बाजूले ठमीले धरून उभी असीन. प्रल्हादनं आपलं बोलनं म्हनलं, "कोन आलं बापा मले खाले?"

कोनी आलं नाही.

त्यानं जोऱ्यानं म्हनलं, "कोन आलं बापा मले खाले?"

लोक हासाले लागले. प्रल्हादनं पाला सावरला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् रडव्या आवाजात म्हने, "खा ना वो कोनीतरी."

मी तवा स्टेजच्या पायऱ्यापाशी होती. मले एवढंच सुचलं, का उंचावर चढलं तं खालचे सगळे तोंडं दिसतात, चाबीवाला बी दिसंल. छबीले घेतलं आन् चढली. वर गेली तं मोर्नेचा पूल बरा वाटला मले. एवढे डोळे. समोर थे बोलाचं भोंगं होतं, त्यातून छबीचं रडनं सगळ्या मैदानात गेलं. हासनारे लोक माह्याकडं पाहाले लागले.

मी म्हनलं, "कोंडवाड्याचे दादा, चाबी घेऊन या. लेकरू उपाशी हाये."

समोरच्या रांगेत साहेब होते. टोपीवालेच. थे हासत म्हने, "बकरी कोंडवाड्यात गेली काय? काय खाल्लं तिनं?"

त्यायले वाटलं नाटकच चालू हाये. मले वाटलं चौकशी चालू हाये. म्हनलं, "तुमचं झाड जी."

सगळा मांडव हासाले लागला. साहेबाच्या बाजूचा मानूस हासता हासता थांबला आन् साहेबाच्या कानात काही बोलला. मंग साहेब बी थांबले. म्हने, "सकाळचं? आंब्याचं?"

"होय जी. हार बी खाल्ला." आता छबीचा आवाज बारीक होऊन राहिला होता, मंग मले साहेबाचं भेव कुठी राहते. म्हनलं, "पन साहेब, वरच्यावरच खाल्लं. बुड हाये. बुड असलं का फुटते. आमच्या वस्तीतले समदे झाडं तिनं एकदा खाल्लेलेच हायेत, आन् समदे उभे हायेत. इचारा या पोट्ट्यायले."

"होय जी," पाल्यातून प्रल्हाद म्हने. "माहं तं दोनदा खाल्लं."

साहेबायनं मांगं वळून पाह्यलं. "कोंडवाड्याचा कोन हाये रे? सोड तिले."

मांगच्या बाजूनं थो मानूस उठला. पळत गेला. पन ठमी त्याच्यासंगं येते काय? छबीचं रडनं भोंग्यातून रस्त्यापल्याड आइकू जाये, त्या आवाजावर ठमीच त्याले वढत आली. दावं तिचं, वढल्या जाऊन राहिला थो. स्टेजवर चढली, माह्याकडं पाह्यलं, आन् सरळ प्रल्हादपाशी गेली.

मी तिथीच खाली बसली. लोटी लावली. समोरून ठमी प्रल्हादले खाऊन राहिली, मांगून मी दूध काढून राहिली, आन् प्रल्हाद आपलं बोलनं बराबर म्हनून राहिला, "आता कोन देईन बापा सावली?" मी बोंडल्यानं छबीले पाजलं. थे गटागटा प्याली आन् ढेकर देला. भोंग्यातून गेला थो बी. एवढ्या टाळ्या त्या दिवशी कोनालेच पडल्या नाही.

बक्षीस म्हनून आपल्याले तीन आंब्याचे कलमं भेटले. आता तुमीच सांगा, एकाच एष्टीत ठमी आन् तीन कलमं कसे आनावं? पोट्ट्यायनं अमरावती ते अकोला कलमं डोक्यावर धरून उभ्यानं प्रवास केला. थोच कंडक्टर होता. म्हने, "हात खाली घे ना बे, कोनी बंदूक लावली काय?" मूर्तिजापूरले प्रल्हादले डुलकी लागली. म्हनून एका कलमाले पानं नाही. बुड हाये.

घरी आली तं सासूनं आधी ठमीच्या पाठीवरून हात फिरवला. मंग छबीले घेतलं, मांडीवर तोललं, म्हने, "हलकी नाही झाली." मंग माह्याकडं पाह्यलं. "आन् तू? अजून भेतं काय?"

भेतो ना. परवा बाजारात नाला ओलांडतानी डोळे मिटलेच होते मी.

पन एक सांगाचं राहिलं. निघताना कोंडवाड्याचा मानूस एष्टीपर्यंत आला होता, ठमीले पाला घेऊन. त्याले म्हनलं, "दादा, त्या बुडाले पानी टाकत जाजा." म्हने, "टाकीन बाई. आंगोळीचंच टाकीन." आता थो आंगोळ करते का नाही, देव जाने. तं तुमच्यातलं कोनी अमरावतीले गेलं, तं मैदानापाशी उतरा, मांडवाच्या जागेसमोर साहेबाच्या नावाची पाटी हाये, थे पाहा. पाटी राहू द्या. तिच्या मांगं वाकून पाहा, फुटलं का. आन् मले येऊन सांगा. बकरी नेऊ नका.