चाकूला वास हवा

मोबाइलवर 'शंकरमामा' असं नाव उमटलं आणि खरं सांगते, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर म्हातारा शेवटी वाकला! वाजू दे जरा, म्हटलं. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडं मामी. "तायडे, मामा गेलं की गं..." सख्ख्या मामाच्या मरणाची बातमी मी अशी दोनदा परतवली. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

मामांनी उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी नवाच उद्योग मांडला, जुने खिशातले चाकू दुरुस्त करायचा. गडहिंग्लज, जयसिंगपूरहून लोक आजोबा-पणजोबांचे घडीचे चाकू घेऊन यायचे, गंजून असे बसलेले की पातं उघडायचं नाव नाही. मामा तो चाकू दोन दिवस रॉकेलच्या बरणीत बुडवून ठेवत. मग हळूहळू पातं सोडवायचं, सांध्यातली घाण आगकाडीनं कोरायची, बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं फिरवायचा. पोलादावर चढलेला करडा रंग मात्र ते राहू द्यायचे. "गंज काढायचा, वय न्हाई," म्हणायचे. शेवटी दगडावर पाणी सोडून धार, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि पहिला कांदा स्वतः चिरून बघायचा. परत देताना अट एकच, रोज वापरायचा. "पावणं, शोकेसात ठेवणार असाल तर गंजलेलाच न्या!" आणि चाकू कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. आमच्याकडं मिरची आणि चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात. ते स्टुलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "उचला."

माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात त्यांचा चाकू सापडला. शिंगाची तपकिरी मूठ. ह्याच चाकूनं त्यांनी मला पेन्सिली करून दिल्या, ऊस सोलून दिला, एसटीत अख्ख्या बाकड्याला पेरू कापून वाटले. तो असा गंजलेला बघवेना, म्हणून मी माझी अक्कल चालवली. दिवाळीला समई घासते तशी चिंच आणि मीठ चोळून दुपारभर ठेवून दिला. संध्याकाळी बघते तर पात्यावर काळे-तांबूस डाग! रडकुंडीला येऊन मामांकडं गेले. "ह्यो काय तांब्या हाय व्हय गं? टर्नरची भाची म्हणं!" म्हणून त्यांनी माझी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी खरडपट्टी काढली. आठ दिवसांनी चाकू स्टुलावर ठेवला. मी उघडला. टक्! लहानपणी ऐकलेला तोच आवाज. मी तिथंच रडले.

आणि घरी नेऊन रुमालात गुंडाळून कपाटात, दागिन्यांशेजारी ठेवून दिला. वापरून झिजला तर? हरवला तर? वडिलांचं दुसरं काय होतं माझ्याकडं? मामा जेवायला आले की विचारायचे, "वापरतीस न्हवं?" "रोज," मी ठोकून द्यायची. एकदा म्हणाले, "आण बघू." त्यांनी पातं उघडलं आणि सरळ नाकाला लावलं. "कांद्याचा वास न्हाई, पेरूचा न्हाई. खोटं बोलतीस. तुझ्या बाचा चाकू हाय ह्यो, फोटो न्हाई!" माझं डोकंच फिरलं. "बाप माझा होता, तुमचा नव्हता! न्या मग, तुम्हीच वापरा!" असं म्हणून चाकू हिसकावला, मिटला आणि त्यांच्या तळहातावर आपटला. हातात दिला... मामांनी तो खिशात टाकला. "राग गेला की ये न्यायला," एवढंच बोलले आणि न जेवता गेले. राग तर दोन दिवसांत गेला होता, पण ताठा जाईना. मी काही गेले नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी शेडमध्ये शिरले. फळीवर वीसेक चाकू ओळीनं, प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी. वडिलांचा नव्हता. डबे उपसले, पोतं झाडलं, बरणीत हात घातला. नाही म्हणजे नाही. कुणाला देऊन टाकला असेल तर? आणि कुठल्या तोंडानं विचारू?

"काय हुडकतीस गं?" स्वयंपाकघरातून मामींची हाक आली. मी दारात गेले. मामी लसूण चिरत बसल्या होत्या, आणि त्यांच्या मुठीत ती शिंगाची मूठ.

"आणला त्याच दिवशी माझ्याकडं दिला ह्यांनी," मामी म्हणाल्या. "म्हणालं, तायडीचा राग जाईस्तवर चाकू बसून ऱ्हायचा न्हाई. तू रोज चिर, रोज पूस. आणि इतवारी हे सोता हुंगून बघायचं!"

मी फरशीवर बसून हंबरडा फोडला. मामींनी रडू दिलं. मग चाकू धुतला, कोरडा पुसला, मिटला. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला. "उचल. एकदा भांडलीस तेवढं बास."

आता तो माझ्या ओट्यावर असतो. पातं जरा झिजलंय, मुठीला हळदीचा पिवळा डाग पडलाय, सूनबाई सारखा मागते आणि मी तिच्यापुढं ठेवते. रविवारी तेलाचा थेंब सोडायच्या आधी मात्र मी स्वतः पातं नाकाला लावते. गेल्या रविवारी पेरूचा वास होता, आणि त्याच्याखाली अजून मामींचा लसूण. "या मामा, हुंगून बघा आता," मी मोठ्यानं म्हटलं, आणि जेवायला पानं घेतली.