राहिलेले अठ्ठावीस दिवस

काकूंचं गुपित मी एकदा फोडलं होतं आणि आज पुन्हा फोडतो आहे. पहिल्या वेळी आपण काय फोडतो आहोत हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. पण काकू गेल्या, माझी आईही गेली, आणि आमच्या सांगवीत तोंडाला लेप लावून घरात बसलेली बाई आता शोधूनही सापडायची नाही. फोडण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आलेल्या मालाचा नमुना तपासायचा, निकाल लिहायचा, खाली सही करायची. वीस-बावीस वर्षं हेच. चुकीच्या निकालाखाली माझी सही कधी गेली नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. ती एकदा गेली, आणि तीही कुणी मागितली नसताना, कंपनीच्या बसमध्ये बसून, मोबाइलवर.

लेपाच्या काकू मूळच्या लोणी भापकरच्या, सांगवीत दिलेल्या. त्यांचं खरं नाव फक्त मतदारयादीत असावं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणा बाईच्या गालावर वांगाचा काळा डाग उठला, उन्हानं कपाळ काळवंडलं, बाळंतपणानंतर तोंडावर डाग राहिले, की काकूंना बोलावणं जाई. गंमत अशी, की काकूंच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर वांग होता. चांगला गडद, नाकापासून कानापर्यंत पसरलेला. बायका टोमणा मारत, "काकू, स्वतःचं तेवढं जाईना व्हय?" काकू हसून म्हणत, "माझं पथ्य झालं न्हाय." हे उत्तर मी लहानपणापासून ऐकलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. बाईला त्या उंबऱ्यात उभं करत, अर्धं ऊन, अर्धी सावली. आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. मग नखं. मग मान. मग "झोप लागती का?", "जेवती कवा, समद्यांच्या मागनं?" असलं काहीबाही विचारायच्या. गालाकडे सगळ्यात शेवटी बघायच्या, तेही घाईनं, हिशेबापुरती एक नजर टाकल्यासारखं. मला ते नाटक वाटे. ज्या डागासाठी बोलावलं, तो सोडून बाई नखं काय बघते!

पण फसवणूक म्हणावी, तर त्या लोकांना सर्रास परत पाठवत. एकदा एक आई लग्नाला आलेल्या मुलीला घेऊन आली होती. काकूंनी मुलीला उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "डाग कुठं हाय?" आई म्हणाली, डाग नाही, रंगच जरा सावळा आहे, उजळेल असं काही द्या. काकू म्हणाल्या, "मंग पोरगी धडधाकट हाय. घरी न्या." आणि चहा न घेता उठल्या. लिंबू चोळून उन्हात गेलेली आणि गाल भाजून घेतलेली एक जण आली, तेव्हा तिला त्या दहा मिनिटं रागावत होत्या. आमच्या शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या आबांची मान काळी पडली होती, घासून घासून जाईना. काकूंनी लांबूनच सांगितलं, "आबा, ती माती न्हाय. घासू नगा, रक्त तपासून घ्या." आबा हसले. पुढं बारामतीला जाऊन तपासलं तर साखर निघाली. मग आबाच सांगत सुटले, की एवढा ऊस लावला पण साखर पकडली ती काकूंनी.

लेप साधा होता. मसुराच्या डाळीचं पीठ, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल. ताकात कालवून लावायचा. भारी होतं ते पथ्य. चाळीस दिवस ऊन अंगावर घ्यायचं नाही. चुलीची धग नको. घागर, पाटी, काही जड उचलायचं नाही, उचललं की रक्त तोंडाला चढतं आणि डाग गडद होतो. भाकरी ताजी आणि सगळ्यांच्या आधी खायची. दुपारी लेप लावून डाव्या कुशीवर पडायचं, आणि तो सुकेपर्यंत बोलायचं नाही, बोललं तर डाग पसरतो. म्हणजे कुणी हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. डाव्या कुशीवर झोपल्यानं गालाचा डाग कसा जातो, हे मला कुणी समजावून सांगा, असं मी घरात जेवताना म्हणत असे. माझी बायको हसायची. ती बारामतीला शाळेत शिकवते. रानात जायचा प्रश्न तिच्यापुढं कधी आला नाही.

तो प्रश्न रेखापुढं होता. रेखा माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर, आणि रान आई आणि रेखाच्या जिवावर. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एकरभर भेंडी होती. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. मजूर मिळत नव्हते. अशात रेखाच्या गालावर वांग दिसायला लागला आणि तिनं काकूंना बोलावलं. काकूंनी पापणी बघितली, नखं बघितली, तिला आत नेऊन काहीतरी बोलल्या, आणि बाहेर येऊन आईला चाळीस दिवसांचं पथ्य सांगितलं. आई कुरकुरली, पण कबूल झाली. सुनेचं तोंड काळवंडलेलं दिसलं तर लोक घराला नावं ठेवतात. रेखा घरात बसली. मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारी झोपलेली बघितली.

मी त्या सुमारास बाजारातल्या क्रीममध्ये पारा वगैरे काय काय मिसळतात हे वाचत होतो. लेपातही तसं काही असेल, अशी शंका आली. शंका प्रामाणिक होती, एवढं मी आजही म्हणतो. पण रेखाला विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. फडताळातल्या तिच्या वाटीतून चमचाभर पूड काढली, पिशवीत घालून कारखान्यात नेली. पाऱ्यासाठी तपासली, नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आयोडीनचा थेंब टाकला, निळी झाली. पीठ. नुसतं पीठ. मला खूप आनंद झाला. परतीच्या बसमध्ये मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "काकूंच्या लेपाची मी स्वतः प्रयोगशाळेत तपासणी केली आहे. त्यात मसुराचं पीठ, हळद व संत्र्याची साल याशिवाय काहीही नाही. चाळीस दिवसांच्या पथ्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. कृपया जागरूक राहावे." खाली नाव, शिक्षण, हुद्दा. बस बारामतीत शिरेपर्यंत अंगठ्यांची रांग लागली होती.

आईला वाचता येत नव्हतं. शेजारणीनं तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई रेखाला म्हणाली, "पीठच हाय तर रानात बी लावून जाता येतंय की." तेव्हा पथ्याचे बारा दिवस झाले होते. रेखानं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, लबाडी उघडी केली म्हणून खूश असेल. मग तिनं डोक्याला रुमाल बांधला, भेंडीच्या लवेनं खाज सुटू नये म्हणून हातात जुन्या बाह्या चढवल्या आणि क्रेट उचलून निघाली.

आठवडा झाला नसेल. ती रानातच खाली बसली. भावानं टेम्पोतूनच बारामतीला दवाखान्यात नेलं. तिसरा महिना होता, गर्भ राहिला नाही. आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, भावाला आणि काकूंना सोडून; आणि भाऊ आईपुढं कधी बोलत नसे. याआधी दोन वेळा असंच झालेलं, म्हणून या वेळी चौथा महिना सरल्याशिवाय बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं का होतं हे नेहमी सांगता येत नाही, कामानंच झालं असं नाही. ते त्यांचं शास्त्र होतं आणि ते बरोबरच असेल. मी त्याच्या आड लपायचा फार प्रयत्न केला. लपता आलं नाही.

काकू रेखाला बघायला आल्या. तासभर तिच्याजवळ बसल्या. बाहेर मी नळापाशी उभा होतो. त्यांनी पाय धुतले आणि माझ्याकडं न बघता बोलल्या, "पीठच हाय ते. मी कवा म्हणलं औषध हाय म्हणून?"

मी विचारलं, मग हे पथ्य, हे चाळीस दिवस कशासाठी?

"डॉक्टरनं मागल्या टायमाला चिठ्ठीवर लिहून दिलं हुतं, विश्रांती घ्या. तुझी आई काय म्हणली, आठवतंय का? आमी न्हाय का रानात भांगलता भांगलता पोरं काढली. समद्या घरात त्येच म्हणत्यात. पर सुनेच्या तोंडावर डाग म्हणलं, की घर गप बसतंय. बाईचं अंग कुणाला दिसत न्हाय, अशोक. तोंड दिसतंय."

एवढं बोलून त्या गेल्या. मी तिथंच उभा राहिलो. पापणी, नखं, झोप, सगळ्यांच्या आधी भाकरी, डावी कूस, सगळं एकदम उलगडलं. जिथं रक्त कमी, जिथं दिवस गेलेले, जिथं अंग थकलेलं, तिथं काकू डाग शोधत होत्या. आणि त्यांच्या स्वतःच्या गालावरचा डाग मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. त्यांना कुणीच चाळीस दिवस दिले नव्हते.

त्यानंतर काकूंना बोलावणं येईना. पीठ तर घरोघरी होतं. बायका रात्रीच्या उरलेल्या ताकात ते कालवायच्या, तोंडाला फासायच्या आणि उन्हात कामाला जायच्या. काही मुली बारामतीहून ट्यूब आणून लावू लागल्या. वर्षभरात काकू इंदापूरजवळ मुलीकडं राहायला गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्या डाळिंबाच्या बागेलगत पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं काय गेलं? पिठाला पीठ म्हणलास तू. रेखाचं गेलं." मी म्हणालो, मी ग्रुपवर सगळं खरं लिहितो, तुम्ही हे का करत होता ते सगळ्यांना कळू दे.

"खरं लिहू नगंस," काकू म्हणाल्या. "येकदा लिहून बघितलंस न्हवं? सासवांना कळलं, की ही आराम करायची युक्ती हाय, तर कोण बसू दील पोरींना? तपासणी चुकली म्हणून लिही."

तपासणी चुकली नव्हती. आणि मी, ज्याच्या शब्दानं एका घरातला पाळणा रिकामा राहिला, तो माणूस इंदापूरहून घरी येईपर्यंत हाच विचार करत होतो, की बरोबर आलेल्या निकालाला चूक कसं म्हणायचं. माझ्या सहीचं काय? असे दहा महिने गेले. रोज सकाळी रेखा चहाचा कप पुढं ठेवायची. तिच्या गालांवरचा वांग आता काकूंसारखाच पसरला होता. मी कपाकडं बघायचो. पुन्हा तिला दिवस गेले नाहीत.

मग काकू गेल्याचा निरोप आला. त्यांच्या दहाव्याला जाऊन आलो, आणि परत येताना बसमध्ये मला उमगलं, की माझा निकाल खरोखरच चुकीचा होता. नमुन्यात लेप होता. पथ्य नव्हतं. जे पिशवीत आलंच नाही, त्याच्यावर मी निकाल दिला होता. कारखान्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं, तर मी त्याला उभं केलं असतं. एवढी साधी गोष्ट मला काकू असताना सुचली नाही.

मी ग्रुपवर लिहिलं. दोघातिघांनी हात जोडलेली चित्रं टाकली, एकानं विचारलं कुठल्या काकू. मी रेखाला मोबाइल दाखवला. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आईंना वाचून दाखवा, दादा." म्हणून सकाळी ओट्यावर बसून मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं: "काकूंच्या औषधाची माझी तपासणी चुकली. मी अर्धंच औषध तपासलं. राहिलेलं अर्धं चाळीस दिवसांच्या पथ्यात होतं. पथ्य पुरं पाळलं तरच गुण येतो. काकूंची आणि गावातल्या सगळ्या लेकीसुनांची मी माफी मागतो."

आईनंही त्या दिवसांबद्दल कधी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मग ती रेखाकडं न बघता म्हणाली, "बारा झालं हुतं हिचं. अठ्ठावीस राहिलं. उद्यापासनं बस घरात."

रेखा रुमाल बांधत होती. "आता कशाला, आई," एवढंच ती म्हणाली. बाह्या चढवल्या, क्रेट उचलला आणि निघाली.

मी चपला न घालताच तिच्या मागं गेलो. बांधावर तिला गाठलं. तिच्या हातातला क्रेट घेतला, आणि जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते बोललो.

"रेखा, पीठ पीठच होतं. दिवस तुझे होते. ते मी न विचारता घेतले. माझं चुकलं. मला माफ कर."