तोंड उचललं की रेस कमी

लेक पहिल्यांदा एकटी विमान उडवणार म्हणून हसनाबादहून जालन्याच्या धावपट्टीवर गेलो. तिनं बोलावलं नव्हतं. बापाला बोलावणं कशाला लागतं? तिला शिकवणारे सर हातात वायरलेस घेऊन उभे होते, त्यांच्या शेजारी जाऊन मीही उभा राहिलो.

विमान कसलं, दोघांपुरतं, पुढं एक पंखा. ते एक चक्कर मारून उतरायला आलं. चाकं जोरात आपटली आणि विमान नाक वर करून परत हवेत उसळलं. मला वाटलं, असंच असतं. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बसला.

तिनं रेस सोडली, हे मला बरोबर कळलं. बारावीच्या सुट्टीत तिला ट्रॅक्टर मीच शिकवला होता. नांगर खडकात अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. तेव्हा रेस सोडून क्लच दाबला नाही, तर ट्रॅक्टर उलटून चालवणाऱ्याच्याच अंगावर येतो. आमच्या शिवारात एक जण तसाच गेला. म्हणून मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं, "तोंड उचललं की रेस कमी. इचार करत बसायचं न्हाई."

"पॉवर दे! पूर्ण पॉवर दे, वर घे!" सर वायरलेसवर ओरडले. विमानाचं गणित उलटं आहे, हे मला तेव्हा कळलं. उसळलेल्या विमानाची रेस काढली की ते धोंड्यासारखं खाली येतं. तसंच आलं. पहिल्यापेक्षा जोरात आपटलं आणि आणखी उंच उसळलं.

"रेस दे, बाई, रेस दे," मी नुसताच पुटपुटत होतो. तिच्या डोक्यात बसलेला माझाच आवाज उलटं सांगत होता आणि तो पुसायला माझा हात तिथवर पोचत नव्हता.

मग इंजिन गर्जलं. विमान जमिनीला न शिवता वर निघून गेलं. मला रडू फुटलं. पण वर गेलेल्याला परत उतरावं लागतंच. ती चक्कर संपेपर्यंत मी आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली. या खेपेला विमान अलगद टेकलं.

ती खाली उतरून आमच्यापुढं येऊन उभी राहिली.

"आपटल्यावर पॉवर का काढलीस? किती वेळा सांगितलं होतं?" सरांनी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"चुकलं, सर. घाबरले मी."

"घाबरणाऱ्याला मी एकटं सोडत नसतो," सर म्हणाले, आणि तिचं एकटीनं उडणं बंद केलं.

ती घाबरली नव्हती. दोष माझ्यावर येऊ नये म्हणून ती तसं म्हणाली, आणि मी तिला म्हणू दिलं.